पन्नास शेळ्या, अधिक-उणे

"लिही," तात्या म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलून त्यांनी डोळे मिटले. "नीरेपासून उजनीपर्यंत ज्याचं नाव ऐकून गुन्हेगार जेवण अर्धं टाकून उठतात, ज्याची नजर भिंतीपलीकडचं बघते आणि बुद्धी नजरेच्याही पलीकडचं, जो माणसाच्या चपलेवरून त्याचं गाव, गावावरून भावकी आणि भावकीवरून भांडण ओळखतो, तो बारामतीचा रहस्यभेदी सर्जेराव..."

"चपलेवरून गाव कधी ओळखलंत?"

"परवा. तो माणूस कुरकुंभचा होता."

"त्याच्या पिशवीवर लिहिलं होतं की."

"पिशवी मी शेवटी बघितली. लिही."

मी लिहिलं. मी म्हणजे रेश्मा, रहस्यभेदींची सख्खी पुतणी आणि एकमेव साहाय्यक. मराठीत बी.ए. झाले आणि घरी बसले होते, तेवढ्यात तात्या साखर कारखान्यातून निवृत्त झाले. बावीस वर्षं ते तिथल्या वजनकाट्यावर होते. उसाची गाडी काट्यावर चढायच्या आधीच आपण तिचं वजन सांगायचो, असं ते सांगतात. बरोबर सांगायचो का, हे सांगत नाहीत. घरी बसून काकूच्या डब्यांची तपासणी करू लागले, तेव्हा काकूनंच त्यांना हे ऑफिस काढून दिलं आणि वर मला त्यांच्या गळ्यात बांधलं. का त्यांना माझ्या, ते अजून ठरलेलं नाही.

ऑफिस पिठाच्या गिरणीच्या माडीवर आहे. जिना गिरणीतूनच वर येतो. त्यामुळे आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस खांद्यावर ज्वारीचं पीठ घेऊन येतो आणि तात्या त्याला न्याहाळून सांगतात, "तुम्ही आत्ताच गिरणीतून आलात." आतापर्यंत हा तर्क एकदाही चुकलेला नाही. बाकीचे सगळे चुकले आहेत.

त्या मंगळवारी नकोशीबाई वर आल्या, तेव्हाही असंच झालं.

"तुम्ही आत्ताच गिरणीतून आलात," तात्या म्हणाले.

"व्हय," बाई म्हणाल्या. "जिना तितनंच हाय न्हवं?"

तात्यांनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. मी बाईंना खुर्ची दिली. चाळिशीच्या आसपासच्या, उन्हानं रापलेल्या, खांद्याला कापडी पिशवी. बसल्या त्या अगदी काठावर, आणि पिशवीतून एक कागद काढून टेबलावर सरळ केला.

"आमी पाझरवाडीचं. मोरगावाकडनं लोणी भापकरला जाताना आमची वाडी लागती. आमच्या शेळ्या कमी पडल्यात. पन्नास."

तात्या ताठ बसले. सायकल, चष्मा, भावजयीची पैठणी असली प्रकरणं हाताळून कंटाळलेला माणूस तो. पन्नास शेळ्या म्हणजे त्यांच्या दृष्टीनं दरोडा होता.

"कधी चोरीला गेल्या?"

"चोरीला न्हाय गेल्या. कागदावर कमी पडल्यात."

"कागदावरून चोरीला गेल्या," तात्यांनी मला सांगितलं. "लिही."

मी कागद वाचला. तो इंदापूरच्या शेळी-मेंढी नमुना सर्वेक्षण कक्षाकडून आला होता. बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांची शेळ्या-मेंढ्यांची पाहणी हाच कक्ष बघतो. पाझरवाडी, बोरमळा, तरटेवस्ती आणि खिंडवाडी या चार वाड्यांनी मिळून जनावरांचा एक फिरता दवाखाना मागितला होता. म्हणजे डॉक्टर, औषधं आणि गाडी, दर दोन दिवसांनी दारात. अट एकच: चारही वाड्यांत मिळून शेळ्या-मेंढ्या खात्रीनं तीन हजार तरी पाहिजेत. आणि पत्रात लिहिलं होतं, "खात्रीलायक किमान संख्या २९५० असल्याने मागणी अमान्य. हरकत असल्यास गुरुवारी सायंकाळी पाचपर्यंत नोंदवावी."

"माझी गाभण शेळी अडली होती दोन महिन्यांमागं," नकोशीबाई म्हणाल्या. "बारामतीला न्यायला टेम्पो मिळंस्तवर दुपार झाली. लोणीच्या पुढं आलो न् टेम्पोतच गेली. पोटात दोन करडं हुती. डॉक्टर म्हणला, तासभर आदी आला असता तर तिन्ही जगली असती." त्यांनी कागदाची घडी उगाचच पुन्हा सरळ केली. "आता घरात अजून तीन गाभण हायती. आणि त्यो तासभर कुठनं आणू मी?"

मला काय बोलावं ते कळेना. तात्यांनाही कळेना, पण त्यांना ते कधीच आडवं येत नाही.

"बाई," ते म्हणाले, "गुरुवार सायंकाळपर्यंत तुमच्या पन्नास शेळ्या या टेबलावर असतील."

"टेबलावर नगं," बाई म्हणाल्या. "कागदावर आणा."

पत्रासोबत एक तक्ता जोडलेला होता. तात्यांनी तो भिंगाखाली धरला. हे भिंग काकूच्या तांदूळ निवडायच्या चष्म्याचं आहे, पण तो वेगळा विषय. तक्त्यात चार ओळी होत्या: पाझरवाडी १२४० ± ८०, बोरमळा ७६० ± ४०, तरटेवस्ती ६९० ± ४०, खिंडवाडी ४४० ± २०. खाली एकूण ३१३० ± १८०.

"ही खूण बघ," तात्या कुजबुजले. "अधिकाचं चिन्ह आणि त्याच्या खाली रेघ. चारही ओळींत तीच. टोळीची खूण आहे ही, रेश्मा. हात पसरून उंबऱ्यावर उभा राहिलेला माणूस. पहारेकरी."

"ते अधिक-उणे आहे, तात्या."

"तेच म्हणतोय मी. काही अधिक, काही उणे. उणे कुठे जातात?"

नकोशीबाईंनीच समजावून सांगितलं. पाहणीला आलेल्या पोरींनी सगळी घरं मोजली नव्हती. दर दहा घरांतलं एक घर मोजायचं आणि त्यावरून वाडीचा अंदाज काढायचा. अंदाज म्हटला की चुकणार. तो सहसा जास्तीत जास्त किती चुकेल, तो आकडा त्या खुणेपुढं लिहायचा. पाझरवाडीत बाराशे चाळीस शेळ्या. पण ऐंशी जास्तही असतील किंवा ऐंशी कमीही असतील.

"आणि चूक कमीच्या बाजूची धरून तीन हजार भरायला पायजेत, अशी अट हाय. एकतीसशे तीसमदनं एकशेऐंशी गेलं, ऱ्हायलं एकोणतीसशे पन्नास. पन्नास कमी. वजाबाकी बरुबर हाय. म्यां धा येळा केली." बाई थांबल्या. "पर मन घेत न्हाय. चारी वाड्यांत एकदमच कशा कमी पडतील? एकीकडं कमी, तर दुसरीकडं जास्त पडंल की."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. तात्यांनी ऐकलं नाही, कारण ते तोवर भिंतीवरच्या नकाशासमोर उभे होते. तात्यांच्या सगळ्या प्रकरणांची उत्तरं माझ्या वहीत पहिल्याच पानावर सापडतात. मला ती तिसऱ्या दिवशी कळतात आणि तात्यांना कधीच कळत नाहीत, एवढाच आमच्यात फरक.

"सोपं आहे," ते वळून म्हणाले. "पाझरवाडीतल्या ऐंशी शेळ्या कधी असतात, कधी नसतात. बोरमळ्यातल्या चाळीस, तरटेवस्तीतल्या चाळीस, खिंडवाडीतल्या वीस. एकूण एकशेऐंशी शेळ्या रोज इकडून तिकडे ये-जा करतायत. मोजणीच्या दिवशी त्यांना कोणीतरी मुद्दाम वाटेत ठेवलं."

"कुनी?" बाईंनी विचारलं.

"ते उद्या कळेल."

बुधवारी आम्ही तात्यांच्या स्कूटरवरून पाझरवाडीला गेलो. तात्यांनी धोतर, मुंडासं आणि काठी असं मेंढपाळाचं वेषांतर केलं होतं. वाडीच्या पहिल्याच वळणावर एक म्हातारा म्हणाला, "राम राम, काट्यावरलं सर्जेराव न्हवं तुमी?" तात्यांनी त्याला ओळख न देता हात हलवला.

वाडीच्या माथ्यावर, एका बोरीआड बसून तात्यांनी खालच्या एका घराच्या शेळ्या मोजायला घेतल्या. मी टिंबं मांडायची आणि तात्यांनी ओरडायचं, असं ठरलं. अर्ध्या तासात एकशे छत्तीस टिंबं झाली. तात्यांच्या अंगावर रोमांच आले.

"बघितलंस? एका घराच्या शेळ्या एकशे छत्तीस! हे लपवलेले कळप आहेत."

"तात्या, त्याच शेळ्या टेकडीला वळसा घालून पुन्हा येतायत. ती कान फाटलेली पांढरी चौथ्यांदा गेली."

"चौघी बहिणी असतील."

"आणि बाविसावं टिंब कुत्रं होतं."

तात्यांनी थोडा विचार केला. "कुत्रं अधिक धर, आणि म्हाताऱ्यानं मला ओळखलं ते उणे धर," ते म्हणाले. आयुष्यात मी त्यांना कुठलाही हिशेब इतक्या उदार मनानं मिटवताना पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात बोरीच्या पलीकडून नकोशीबाई आल्या. हातात भाकरी आणि ठेचा. त्यांच्या मागे एक काळी शेळी जड पावलांनी चालत होती, पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं. बाई बसल्या तशी तीही त्यांना टेकून बसली.

"हिला किती दिवस राहिले?" मी विचारलं.

"बारा-तेरा. पैलवेत हाय." बाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला. "भ्या वाटतं बाई मला. पैल्या येळंला कधी काय हुईल सांगता येत न्हाय. ती टेम्पोत गेली तवापासनं मी रात्रीची उठून उठून बघती हिला."

मी अर्धीच भाकरी खाल्ली. तात्यांनी तीन खाल्ल्या आणि जाहीर केलं की गुन्ह्याचा माग इंदापूरकडे जातो.

"का?"

"कारण पत्र तिथून आलं."

हा त्यांचा त्या आठवड्यातला पहिला खरा तर्क होता, त्यामुळे मी तो वहीत लिहून घेतला.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं एसटीनं इंदापूरला निघालो. नकोशीबाई खिडकीशी बसल्या आणि पिशवीतून पुस्तक काढून वाचू लागल्या. दहावीचं गणित. मला वाटलं, पोराचं असेल.

"माझं हाय," त्या म्हणाल्या. "सतरा नंबरचा फॉरम भरलाय. मार्चात परीक्षा. सातवीत शाळा सुटली, आता वाटलं, बसावं. शेळ्यांमागं हिंडताना वाचती. जोतीराम, आमचं मालक, हसत्यात. म्हनत्यात, शेळ्या तुज्याआदी पास व्हतील."

तात्या शेजारच्या बाकावरून म्हणाले, "गणित माणसाला भरकटवतं. मी फक्त निरीक्षणावर चालतो." आणि निरीक्षण करता करता भिगवणच्या आधीच झोपले.

इंदापुरात उतरल्यावर तात्या सरळ शेळ्यांच्या बाजाराकडे निघाले. चोरीची जनावरं बाजारात येतात, हा त्यांचा सिद्धान्त. त्या दिवशी बाजार नव्हता. पण मोठ्या रस्त्याच्या कडेला, चहाच्या टपरीसमोर एक पिकअप उभा होता आणि त्यात जनावरं खच्चून भरलेली होती. तात्यांचे डोळे चमकले. ते भोवती दोनदा फिरले, ओठ हलवत मोजलं आणि ड्रायव्हरपुढे उभे राहिले. तो तिशीतला, दाढीवाला, बशीत चहा ओतून पीत होता.

"नाव?"

"सिद्धू. का?"

"या गाडीत सत्तेचाळीस शेळ्या आहेत."

"आसतील."

"चोरीला पन्नास गेल्या. पन्नास उणे तीन. त्रुटीच्या मर्यादेत बसतंय. चल चौकीत."

सिद्धूनं बशी खाली ठेवली. गाडीत एकदा बघितलं, तात्यांकडे एकदा बघितलं. रागावावं का दया करावी, हे त्याचं ठरत नव्हतं, असं मला वाटलं. मीही तीन वर्षं त्याच ठिकाणी उभी आहे.

"तुमच्या शेळ्या गेल्यात न्हवं, काका?"

"हो."

"मग ह्ये बोकड हायती. सगळं."

तात्यांनी वाकून, अगदी बारकाईनं खात्री करून घेतली. मग सरळ झाले आणि सावकाश म्हणाले, "वेषांतर."

टपरीवरची सगळी माणसं हसली. नकोशीबाईसुद्धा हसल्या, पण लगेच घड्याळाकडे बघून गप्प झाल्या. अडीच वाजले होते. मी तात्यांचा दंड धरला आणि म्हणाले, "तात्या, पाचच्या आत हरकत द्यायची आहे. त्यात काय लिहायचं ते अजून आपल्याला माहीत नाही. शेळ्या मेल्या तरी चालतील, पण तुमचा तपास जगला पाहिजे, असं आहे का तुमचं?" मी हे एवढ्या जोरात बोलले, की सिद्धूनं मला पाणी दिलं. तात्या एसटी स्टँडपर्यंत माझ्या मागून चालले.

सर्वेक्षण कक्ष स्टँडमागच्या गल्लीत, टायरच्या दुकानावर होता. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत हिंदुराव नावाचे लिपिक बसले होते, निवृत्तीला आलेले, खिशात तीन पेनं आणि टेबलावर प्रत्येक वस्तू कडेला समांतर. आतल्या खोलीत अधिकारी राजलक्ष्मी मॅडम होत्या. दार अर्धं उघडं होतं.

तात्यांनी टेबलावर दोन्ही हात टेकले. "पन्नास शेळ्या कुठे लपवल्यात?"

"कुठल्या गटाच्या?" हिंदुरावांनी शांतपणे विचारलं.

"पाझरवाडी गट," मी म्हणाले.

त्यांनी एका हातानं, न बघता, बरोबर ती फाइल काढली. "यातल्या शेळ्या त्रुटीत गेल्या."

"कबुली!" तात्या माझ्याकडे वळून म्हणाले. "लिही. आणि त्रुटी हे ठिकाण कुठल्या तालुक्यात येतं ते विचार."

"आबा," नकोशीबाई पुढे झाल्या, "आमाला तेवढं ह्येचं उत्तर कसं काढलं ते दावा. एकशेऐंशी कुठनं आलं?"

हिंदुरावांना हा प्रश्न आवडला असावा. त्यांनी चष्मा पुसला. "नियमानं आलं, बाई. मी एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळली, हितं यायच्या आधी. नियमाबाहेर एक टाचणी लावली नाही कधी. हा सूचनांचा कागद. वाचून दाखवतो. 'गटाची एकत्रित त्रुटी काढताना गावनिहाय त्रुटी वर्ग करून बेरीज करावी व बेरजेचे मूळ काढावे.' हे बघा. पाझरवाडीची त्रुटी ऐंशी. तिच्या तक्त्यातून गटाच्या तक्त्यात वर्ग केली. बोरमळ्याची चाळीस, वर्ग केली. तरटेवस्तीची चाळीस, वर्ग. खिंडवाडीची वीस, वर्ग. वर बारीक तारीख आणि सही. मग बेरीज, एकशेऐंशी. आणि हे मूळ."

त्यांनी फाइलमधला कागद वर धरला. त्यावर जांभळा शिक्का होता: मूळ प्रत.

"झेरॉक्स मॅडमकडे, मूळ फाइलला. सूचनेत आहे तसं."

मी मराठीची बी.ए. मला त्यात काहीही वावगं दिसलं नाही. सरकारी कागदावर 'वर्ग करणे' म्हणजे इकडून तिकडे पाठवणे. माझ्या मामांचं बँकेचं खातं वर्ग झालं, आमची फाइल वर्ग झाली, शेजारच्यांची तक्रार तीनदा वर्ग झाली आणि शेवटी हरवली. आणि मूळ म्हणजे मूळ प्रत, हेही कोणालाही कळतं. तात्यांना तर त्या शिक्क्यातच कटाचा वास आला. ते शाई चाटून बघायला निघाले होते.

नकोशीबाई मात्र कागदावर बोट ठेवून उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते.

"आबा," त्या म्हणाल्या, "वर्ग कुठं केला?"

"केला की. हा काय. या तक्त्यातनं या तक्त्यात."

"कुठनं कुठं ते न्हाय हो. वर्ग म्हंजी त्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणायचं. आणि मूळ म्हंजी वर्गमूळ." त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं, पण उघडलं नाही. "गणितातला वर्ग हाय ह्यो. हापिसातला न्हाय."

हिंदुरावांनी सूचनांचा कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला. खाली टायरमध्ये हवा भरायचा आवाज तेवढा चालू होता.

बाईंनी माझी वही मागितली, पेन मागितलं आणि उभ्यानंच करायला घेतलं. "ऐंशीचा वर्ग, सहा हजार चारशे. चाळिसाचा सोळाशे, दोनदा, म्हंजी बत्तीसशे. विसाचा चारशे. बेरीज धा हजार." मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "धा हजाराचं वर्गमूळ शंभर. एकशेऐंशी न्हाय. शंभर. एकतीसशे तीस वजा शंभर, तीन हजार तीस."

"तीन हजारांच्या वर," मी म्हणाले, आणि मला रडूच आलं. का ते सांगता येणार नाही. मला ती काळी शेळी आठवली.

"म्हणून तर मन घेत न्हवतं," बाई म्हणाल्या. "बाजारात चारजणांनी बोकडाचं वजन अंदाजानं सांगितलं तर एक जास्त सांगतो, एक कमी. चारीजण मिळून कमीच सांगायचं, असं व्हत न्हाय. मग चार चुका सरळ बेरजंनं एकमेकीवर कशा चढतील? थोड्या एकमेकीत जिरतात. त्येच ह्या वर्गानं मापत असतील."

राजलक्ष्मी मॅडम दारात येऊन उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही. त्यांनी वही घेतली, मोबाइलवर आकडे दाबले, पुन्हा दाबले.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आणि त्या कागदावर माझी सही आहे. मी फक्त बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती." त्यांनी हिंदुरावांकडे पाहिलं नाही, ते बरं केलं.

हिंदुराव चष्मा हातात घेऊन बसले होते. "एकतीस वर्षं," ते म्हणाले, "वर्ग म्हटलं की माझा हात आपोआप दुसऱ्या तक्त्याकडं जातो. एकदाही थांबून विचारलं नाही मी, की वर्ग म्हणजे काय."

"म्हणजे गुन्हेगार," तात्या खर्जात म्हणाले, "एक शब्द आहे. मला पहिल्यापासून संशय होता."

"तात्या, गप बसा," मी म्हणाले. ते बसले.

मॅडमनी तिथंच, उभ्या उभ्या, मागणी मान्य केल्याचा शेरा लिहिला. सोमवारपासून गाडी पाझरवाडीच्या फेरीला. नकोशीबाईंनी तो शेरा दोनदा वाचला, मग विचारलं, "सोमवार म्हंजी ह्योच सोमवार न्हवं?" मॅडम हो म्हणाल्या. बाईंनी बोटांवर दिवस मोजले. बारा-तेरातले उरलेले. मग पदरानं तोंड पुसलं आणि बाकावर बसल्या. पाच वाजायला दहा मिनिटं होती.

आम्ही निघणार, तोच हिंदुराव उठले. लोखंडी कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यातून फाइली काढून टेबलावर ठेवल्या. एक, दोन, असं करत अकरा.

"हे या वर्षी नाकारलेले गट," ते म्हणाले. "सगळ्यांच्या त्रुटी मीच वर्ग केल्यात."

मॅडम खुर्चीत बसल्या. बाहेरून बारामतीच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला. तात्या घड्याळ बघून म्हणाले, "प्रकरण संपलं. चला."

नकोशीबाई उठल्या नाहीत. अकरा फाइलींकडे बघत राहिल्या. प्रत्येक फाइलीवर चार-पाच वाड्यांची नावं होती, निमगावाकडची, बावड्याकडची, कुठली कुठली. "ह्या वाड्यांतबी गाभण आसतील की," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडून पेन पुन्हा घेतलं.

सहापर्यंत सहा फाइली झाल्या. हिंदुराव आकडे वाचत, बाई वर्ग करत, मी बेरीज करत होते आणि मॅडम मोबाइलवर पडताळत होत्या. तात्यांना खाली टायरच्या दुकानाशेजारून चहा आणायला पाठवलं; ते संशयित म्हणून टायरवाल्याची जबानी घेऊन आले, पण चहाही आणला. सहापैकी चार गट तीन हजारांच्या वर गेले. दोन नाही गेले.

"ह्ये दोन न्हाईत बसत," बाई म्हणाल्या. "वर्ग केलं तरी न्हाईत." त्यांना वाईट वाटलं ते दिसत होतं, पण आकडा त्यांनी बदलला नाही.

शेवटची एसटी गाठायची, तर थांबणं शक्य नव्हतं. पाच फाइली उरल्या होत्या. हिंदुरावांनी कोरा कागद घेतला, समास सोडला आणि त्यांच्या वळणदार अक्षरात कार्यालयीन टिपणी लिहिली. मॅडमनी ती वाचली, सही केली आणि परत दिली. मग हिंदुरावांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली, कारण ज्याच्याविषयी लिहिलं त्याला ते ऐकवायचं, हाही त्यांचा नियम होता.

"'उर्वरित पाच गटांच्या त्रुटींची फेरतपासणी करणे आहे. सदर कामी पाझरवाडीच्या नकोशी यांची कार्यालयास नितांत आवश्यकता आहे. तरी त्यांना बोलावण्यात यावे.'"

बाई दारापर्यंत गेल्या होत्या. त्या थांबल्या.

"काय म्हणला, आबा? परत वाचा की."

त्यांनी परत वाचलं. नावापाशी आल्यावर त्यांनाही ते ऐकू आलं असावं, कारण ते तिथं क्षणभर अडखळले. मॅडमनी मान खाली घातली. चार मुलींनंतर पाचवी झाली म्हणून आईबापांनी ठेवलेलं ते नाव, शाळेच्या दाखल्यावर आहे, आधार कार्डावर आहे, सतरा नंबरच्या फॉर्मवर आहे. आता एका कार्यालयीन टिपणीत, सहीशिक्क्यासह, ते नितांत आवश्यकतेच्या शेजारी बसलं होतं.

"उद्या शेळ्या सोडून साडेआठच्या गाडीनं येती," नकोशीबाई म्हणाल्या. मग जिन्याच्या पहिल्या पायरीवरून पुन्हा वळल्या. "आबा, अजून एकदा."

हिंदुरावांनी तिसऱ्यांदा वाचलं, यावेळी उभं राहून.